वीतभर लुगडं

शेवंतानं गाठोडं दुकानाच्या पायरीवर आदळलं, डोक्यावरची भांड्यांची पाटी उतरवली आणि पदरानं तोंड पुसलं.

"आधी पाणी दे. मग बघ काय आणलंय. आज तू मला चहा पाजणार."

"दर खेपेला हेच म्हणतेस, आणि निघतात फाटके बनियन."

"बनियन गेलं खड्ड्यात. सोड की गाठ!"

शेवंता बोहारीण. जुन्या कपड्यांवर भांडी देत सांगलीभर फिरायची. गाठोडं बाजारात जायच्या आधी ती माझ्याकडं यायची आणि मी त्यातलं बरं ते निवडून घ्यायची. खणभागातल्या एका बोळात माझं दुकान होतं. पुढं काउंटर आणि एक स्टूल, मध्ये पडदा, पडद्यामागं दोन मशिनी आणि कापायचं टेबल. जुन्याला जुनं जोडून नवं करायचं, हा माझा धंदा. जीनच्या पँटीला नऊवारीचा काठ, सासऱ्याच्या दोन शर्टांचा सुनेला एक कुडता, लग्नातल्या शालूचं जाकीट, असलं सगळं. आमचे हे त्याला चिंध्यांचं दुकान म्हणायचे. मी म्हणायची, तुम्ही घातलेत ते कपडे तरी कुठं चिंध्यांपेक्षा बरे आहेत? तेव्हा माझी जीभ फार चालायची.

गाठ सोडली. वर एका वकिलाचा काळा कोट होता, कोपरावर विरलेला, पण अंगानं दणकट. त्याखाली चार-दोन झबली, एक चादर. आणि सगळ्यात खाली ते लुगडं. इरकली, निळ्या अंगाचं, लाल रेशमी पदर, काठ असा की बोटानं चाचपत राहावं. मी नुसती बघतच राहिले.

"कुठनं आणलंस गं हे?"

"सांगितलं न्हवं, चहा पाजशील म्हणून!" शेवंता खूश झाली. "बाईला घमेलं पायजे होतं. मी म्हटलं, एवढ्यात घमेलं न्हाई बसत, आणखी एक टाका. ती म्हणाली, न्हाई काही. मी पाटी उचलली डोक्यावर. तवा पळत आत गेली आणि पेटीतनं हे घेऊन आली. म्हातारीचं असंल. म्हातारी घरात न्हवती."

हे शेवटचं वाक्य मी ऐकलं. नाही ऐकलं असं म्हणता येणार नाही. ऐकलं, आणि चहा सांगायला बोळाच्या तोंडाशी गेले.

माझ्याकडं कापायला इंदाक्का होती. साठीला आलेली, शर्टांच्या कारखान्यात वीस वर्षं कात्री चालवलेली बाई. मला कापड कळतं म्हणून लोक कौतुक करतात, ते सगळं तिनं शिकवलेलं. तिनं लुगड्याची घडी अर्धी उलगडली. आतून कडुनिंबाचा वाळका पाला पडला.

"घडीचं हाय हे, ताई. अंगाला लागलेलं न्हाई एकदा बी."

"मग तर सोन्याहून पिवळं."

"तसं न्हवं." तिनं पाला ओंजळीत गोळा केला. "एवढं जपलंय म्हंजे कशासाठी तरी जपलंय. कुणी तरी हुडकत येईल. आठ दिस थांबा."

"आठ दिवस कुठनं थांबू? सोमवार तोंडावर आलाय."

सोमवारी पुण्याच्या एका मोठ्या दुकानाच्या बाई येणार होत्या. माझं काम त्यांनी कुणाच्या तरी अंगावर बघितलं होतं. फोनवर म्हणाल्या होत्या, एक असा नमुना दाखवा की आमच्या काचेत लावला तर रस्त्यावरचा माणूस थांबला पाहिजे. आवडला तर दर महिन्याला माल घेऊ. चार वर्षं मी बोळात बसून असल्या फोनची वाट बघत होते. आणि तो काळा कोट नि ते लुगडं एकाच गाठोड्यातून निघालं तेव्हा मला तो नमुना अंगावर घातल्यासारखा दिसला. कोटाच्या पाठीवर मानेपासून खालपर्यंत लाल पदर, बाह्यांना काठ. कोर्टाचा कोट आणि नऊवारीचा पदर. लोक थांबलेच पाहिजेत.

"तू कोट उसवायला घे," मी इंदाक्काला म्हणाले. "लुगडं शुक्रवारी कापू."

इंदाक्का कोट उसवत बसली. एक कोट उसवायला तिला तासाभरावर कधी लागत नसे. तो तिनं दोन दिवस पुरवला. मी खेकसले तर म्हणाली, "जुना दोरा हाय, ताई, तुटतोय." मला कळत होतं ती काय करते आहे. राग आला आणि मी तो गिळला, कारण तिच्याशिवाय माझं पान हलत नव्हतं.

शुक्रवारी दुपारी, बोळात सामसूम असताना, एक म्हातारी पायरीला हात टेकून वर आली. पांढरे केस, कोरं कपाळ, हातात कापडी पिशवी. धाप लागली होती तिला. मी स्टूल पुढं केलं.

"शेवंता बोहारणीनं पत्ता दिला," ती म्हणाली. "हुडकून हुडकून पाय गेलं माझं. मी खराड्यांची अनुसया. बाय, तुझ्याकडं एक लुगडं आलंय का? इरकली. निळं अंग, लाल पद–"

"कापलं," मी म्हणाले.

तिचं वाक्यसुद्धा पुरं होऊ दिलं नाही मी. का असं बोलले, याचं उत्तर मी पुष्कळ वेळा द्यायचा प्रयत्न केलाय. तोंडातून निसटलं म्हणते. पण निसटणारे शब्द इतके नेमके नसतात. पडद्यामागं टेबलावर लुगडं घडीवर घडी तसंच होतं आणि माझ्या पोटात एकच गोष्ट होती, की ही आता ते मागणार.

"कापलं?" ती म्हणाली.

"परवाच. जुने कपडे आले की आम्ही लगेच कापतो, आजी. आम्हाला काय माहीत?"

"न्हाई न्हाई, तुला काय ठावं असणार!" ती उलट मलाच समजावायला लागली. "तुझी काय चूक? सुनेला बी बोलले न्हाई मी. तिला मी सांगितलंच नव्हतं. असलं काही सांगाय गेलं की पोरं बोलू देत न्हाईत, आई तुझं काहीतरीच म्हणत्यात. ती बिचारी घमेल्यासाठी देऊन बसली. चूक माझीच."

मी पाणी दिलं. तिनं दोन घोट घेतले आणि पेला मांडीवर धरून बसली.

"माझा भाऊ होता, दगडू. जतच्या पुढं आमचं गाव. घरात तोच शेवटचा राहिलेला. बायको आधी गेली, पोरबाळ न्हाई. सात वर्षामागं त्याला पोटाचं दुखणं निघालं. डॉक्टरनं सांगितलं, आता घरी न्या. तर हा बाबा तसाच एस्टीत बसून माझ्याकडं आला. पिशवीत हे लुगडं. म्हणाला, अक्का, बाई गेली की अंगावर शेवटचं कापड माहेरचं पडतंय. मी तर तुझ्या आधी निघालो. मग तुझ्या अंगावर माहेरचं कोण घालणार? हे ठेव. त्या दिवशी मी आलो होतो असं समज."

तिनं पेला काउंटरवर ठेवला.

"दोन महिन्यात गेला. तवापासनं पेटीच्या तळाला ठेवलं होतं मी. दर दसऱ्याला पाला बदलायची. काल पेटी उघडली, तर न्हाई."

तिचा आवाज रडवा नव्हता. रडली असती तर मला बरं झालं असतं. रडणाऱ्या माणसाला चूप करण्यात वेळ जातो, काहीबाही बोलता येतं. ती नुसती सांगत होती, आणि मी काउंटरची कड धरून उभी होते. मला बोलायचं होतं. अजून कापलेलं नाही आजी, आत आहे, थांबा, आणते. एवढंच. पण आत्ताच ठामपणे कापलं म्हणालेली मीच होते ना! आता कुठल्या तोंडानं सांगू?

"बरं, असू दे," ती उठता उठता म्हणाली. "कुणाच्या अंगाला लागंल, वाया तरी न्हाई गेलं. पण बाय, एक करशील का? एखादी चिंधी उरली असंल बघ. वीतभर. नुसती अंगावर टाकायला. दगडूला तोंड दाखवायला झालं."

"बघते," मी म्हणाले, आणि पडद्याआड गेले.

इंदाक्का टेबलापाशी उभी होती. तिनं अक्षर न् अक्षर ऐकलं होतं. लुगडं तिनं दोन्ही हातांवर घेतलं होतं, देवाला वाहायला घेतात तसं.

"घ्या," ती हलक्या आवाजात म्हणाली. "देऊन या."

"आत्ता काय सांगू तिला? खोटं बोलले म्हणून?"

"असं म्हणा, मला वाटलं कापलं, पण आमच्या म्हातारीनं कापलंच नव्हतं. माझ्यावर ढकला. कामचुकार हाय म्हणा. बोलल्यानं माझ्या अंगाला काय भोकं पडत्यात?"

किती सोपं करून दिलं होतं तिनं! मला खोटं कबूलसुद्धा करायला लागणार नव्हतं. नुसतं बाहेर जायचं, कपाळावर हात मारून हसायचं आणि म्हातारीच्या मांडीवर लुगडं ठेवायचं. इतकी वर्षं मी लोकांना सांगत आले, म्हणजे ज्या एक-दोघांना सांगितलं त्यांना, की मला लाज वाटली म्हणून मी मागं फिरले नाही. ते खरं नाही. लाजेची वाट इंदाक्कानं मोकळी करून दिली होती. मला तो पदर हवा होता. सोमवार हवा होता.

"ठेव ते टेबलावर," मी म्हणाले.

"ताई."

"ठेव म्हणते ना."

तिनं ठेवलं. मी कात्रीसाठी हात पुढं केला. कात्री तिच्या हाताशी होती, पण तिनं दिली नाही. मागं सरून ती भिंतीला टेकली. मग मी वळसा घालून कात्री उचलली.

कुठून कापायचं, हेसुद्धा मी बघितलं. पदराकडून नाही. पदर मला अख्खा लागणार होता. आतल्या टोकाकडून, जिथं नुसतं निळं अंग आणि बोटभर काठ, तिथून एक वीत मोजली. मोजली! हिशोबानं कापड कापायची सवय हाताला होती. कात्री मोठी होती, बारा इंची, कापड दुपदरी धरलेलं. चार वेळा चालवली. मग सहज उरलेला तुकडा असावा म्हणून तो जरा चुरगाळला आणि बाहेर आले.

"हा एवढाच मिळाला."

अनुसयाबाईंनी तो हातात घेतला. चुरगळा हातानं सरळ केला, कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला.

"पदराचं न्हाई मिळायचं काही?"

"पदर शिवला गेला, आजी."

तिनं वर बघितलं. बराच वेळ बघत राहिली. मी काउंटरवरची पट्टी उचलून सरळ ठेवली, वही सरळ ठेवली.

"बरं," ती म्हणाली. तुकड्याची चौकोनी घडी घातली आणि पिशवीत खाली ठेवली. पायरीपाशी जाऊन थांबली. "तुझं नाव काय, बाय?"

"शैलजा."

"शैलजा. कायम हितंच असतीस न्हवं? दुकान हलवणार न्हाईस?"

"इथंच असते."

"तुझं ते कार्ड असतंय की न्हाई, ते दे एक."

मी कार्ड दिलं. मनात आलं, हिचा मुलगा भांडायला येणार. दोन-चार दिवस मी त्याची तयारीसुद्धा केली. गाठोडं माझ्याकडं कसं आलं, माझा काय दोष, शेवंताला विचारा, सगळं पाठ करून ठेवलं. कोणी आलं नाही.

कोट मी एकटीनं शिवला. इंदाक्कानं त्याला बोट लावलं नाही. मशीनवर दुसरं काही शिवत राहिली, जेवायच्या सुट्टीत डबा घेऊन बाहेर पायरीवर बसली. काजं मी केली, बटणं मी लावली. आणि कोट काय झाला म्हणून सांगू! खोटं कशाला बोलू, आता तरी? मी आजवर शिवलेल्यात त्याच्या तोडीचं काही नाही. पुण्याच्या बाईंनी तो घातला, आरशापुढं पाठ फिरवली, मान वळवून बघितलं आणि म्हणाल्या, "कुठून सुचतं हो तुम्हाला?" मी म्हणाले, "सुचतं." तो कोट त्यांच्या काचेत तीन दिवस टिकला. कुणीतरी परदेशात राहणाऱ्या बाईनं नेला म्हणे.

उरलेलं निळं अंगसुद्धा मी वाया घालवलं नाही. आठ कुडत्यांच्या खांद्यांना लावलं. त्यातून राहिलं त्याचे खिसे केले, कातरणांची कापडी बटणं केली. आमच्या धंद्यात काही टाकून द्यायचं नसतं, त्याचा मला फार अभिमान. महिनाभरात त्या लुगड्याचा एक दोरा दुकानात राहिला नव्हता. दिवाळीला इंदाक्का म्हणाली, "आता डोळं दिसंनात, ताई," आणि लेकीकडं जयसिंगपूरला निघून गेली. मी थांबवलं नाही. तिचे डोळे चांगले होते.

दीड वर्षानं फोन आला. सकाळचे नऊ-साडेनऊ वाजले असतील. तोवर बोळातल्या दुकानाशेजारचा गाळाही मी घेतला होता, सहा बाया कामाला होत्या.

"शैलजाताई का? मी वर्षा खराडे. अनुसयाबाईंची सून. आई गेल्या पहाटे."

मी हातातली टेप काउंटरवर ठेवली.

"तुम्हाला कळवायला सांगितलं होतं त्यांनी. कार्ड देऊन ठेवलं होतं माझ्याकडं. दुपारी बाराला नेणार आहेत. याल ना?"

"येते," मी म्हणाले.

मला कशाला बोलवलं, याचा मी रिक्षात बसून विचार केला, आणि मनाची समजूत घातली. म्हातारी माणसं, कुणालाही जीव लावतात. पाणी दिलं होतं मी तिला. कोपऱ्यावर एक हार घेतला. हार घेताना मला जरा बरं वाटलं, अगदी खरं सांगते. जाते आहे, पाया पडेन, मनातल्या मनात माफी मागेन, मोकळी होईन. माणूस स्वतःला किती स्वस्तात सोडवायला बघतो!

घरापुढं मांडव नव्हता, नुसत्या खुर्च्या. पुरुष बाहेर, बाया आत. अनुसयाबाईंना न्हाऊ घालून झालं होतं, आणि घरच्या पांढऱ्या लुगड्यात ओसरीवर ठेवलं होतं. मी हार घेऊन पुढं निघाले तशी वर्षानं मला दंडाला धरलं. तिशीतली बाई, डोळे सुजलेले. मला मागच्या दाराशी घेऊन गेली.

"आणलंय ना?" ती म्हणाली.

"हार आणलाय."

"हार नाही हो." तिनं माझ्या हातांकडं बघितलं, मग खांद्यावरच्या पर्सकडं. "लुगडं."

"कुठलं लुगडं?"

"माहेरचं. ते तुमच्याकडंच आहे ना?" तिला वाटलं मला आठवत नाही, म्हणून ती घाईघाईनं सांगायला लागली. "मी घमेल्यावर दिलं होतं बघा, बोहारणीला. मला माहीत नव्हतं हो. आई आठ दिवसांपूर्वी अंथरुणाला खिळल्या तेव्हा पहिल्यांदा बोलल्या. म्हणाल्या, माझी वेळ आली की त्या शिवणवाल्या पोरीला बोलव. माझं माहेरचं तिच्याकडं आहे."

"मी त्यांना सांगितलं होतं," मी म्हणाले. "कापलं म्हणून."

"हो, तेही सांगितलं त्यांनी." वर्षानं डोळे पुसले. "म्हणाल्या, ती खोटं बोलली गं. मी बाहेर स्टुलावर बसले होते, आणि आत तिनं कात्री चालवली. मला काय ऐकू आलं नाही होय? माझ्यासाठी वीतभर कापलं तिनं. पोरगी आत गेली तेव्हा ते अख्खं होतं."

मागच्या दाराशी एक नळ होता, त्याखाली बादली भरत होती. मी त्या बादलीकडं बघत राहिले.

"मी म्हटलं, अहो आई, मग तिथंच का नाही मागितलं? तर म्हणाल्या, माहेरचं कुणी मागून आणतं का? ते माहेरच्यांनी आपणहून आणायचं असतं. आणि म्हणाल्या, माझ्या तोंडावर खोटं बोलली तेव्हा तिला मान वर करवेना. लाजली ती. लाजणारं माणूस वाईट नसतं. पदर मागितला तर दिला नाही तिनं, म्हणजे पदर ठेवलाय. शिवणारी बाई आहे, तिला कापडाची कदर आहे. ती ते आता विकायची नाही. माझ्या वेळेला घेऊन येईल बघ."

बादली भरून वाहायला लागली. वर्षानं नळ बंद केला.

"दीड वर्ष त्या असं धरून बसल्या होत्या," ती म्हणाली. "म्हणून मी तुम्हाला फोनवर काही बोलले नाही. म्हटलं, तुम्हाला ठाऊकच असेल."

मी सांगितलं. एका दमात सांगितलं. कोट शिवला, विकला, अंगाचे कुडते केले, खिसे केले, बटणं केली. आता काहीच नाही. तिनं मला शिव्या घालायला पाहिजे होत्या. मी वाट बघत होते.

"मी तर घमेल्यासाठी दिलं होतं," ती शेवटी म्हणाली. "मी कुठल्या तोंडानं बोलू तुम्हाला?"

ओसरीवरून एका म्हाताऱ्या बाईचा खणखणीत आवाज आला. "अगं वर्षा, वेळ चाललाय! माहेरचं कोण आलंय का तिच्या? माहेरचं घातल्याशिवाय उचलायचं कसं?"

"अहो, मी पळत जाऊन एक नवं आणते," मी म्हणाले. "दुकान जवळच आहे, दहा मिनिटांत–"

"नको," वर्षा म्हणाली. "विकतचं आणून कसं चालेल? तुमचं आणि त्यांचं काय नातं?"

हे ती टोचून बोलली नव्हती. खरंच विचारत होती.

ती आत गेली आणि उशीखालून ती चौकोनी घडी घेऊन आली. वीतभर निळं कापड, बोटभर काठ. माझ्या हातात ठेवलं, आणि मला दंडाला धरून ओसरीवर नेलं.

"ह्या आल्यात," ती सगळ्यांना म्हणाली.

"कोण गं ह्या?" खणखणीत आवाजाची म्हातारी म्हणाली.

मी बोलायला तोंड उघडलं. वर्षानं दंड दाबला.

"माहेरच्या," ती म्हणाली.

बायांनी मला वाट करून दिली. कुणीतरी म्हणालं, "चांगलं झालं गं बाई, कुणीतरी आलं माहेरचं. म्हातारीला लई ध्यास होता." कुणीतरी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी गुडघ्यावर बसले आणि घडी उलगडून ते कापड तिच्या छातीवर ठेवलं. एवढंच? असं कुणी म्हणालं नाही, पण सगळ्या बघत होत्या. वीतभर कापड. माझ्या हातची सरळ कड. पांढऱ्या लुगड्यावर ते ठरेना. वारा आला की एक कोपरा उठायचा आणि तुकडा कडेला सरकायचा. दोनदा मी तो जागेवर आणला. तिसऱ्यांदा वर हात ठेवला आणि तसाच दाबून धरला. हाताखाली ती गार होती.

पुरुष आत आले. एकानं पायाकडं धरलं, दुसऱ्यानं डोक्याकडं. मी हात तसाच ठेवून बसले होते. बायांचं रडणं वाढलं. वर्षाचा नवरा माझ्याशेजारी वाकला. मी कोण, हे त्याला माहीत नव्हतं.

"मावशी," तो हळू आवाजात म्हणाला, "हात काढा आता."